एफटी लोकोमोटिव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वेच्या इतिहासात रस असलेल्या मंडळींकडून ‘एफटी’बद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो: खाली ‘लोको’ म्हणजे रुळांवर धावणारं आख्खं धूड आणि ‘इंजिन’ म्हणजे त्याच्या पोटातलं डिझेल इंजिन. वाफेच्या बाबतीत मात्र जुन्या सवयीनं ‘वाफेचं इंजिन’ असंच लिहिलं आहे.

एफटी म्हणजे नेमकं काय?

जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह कंपनीनं १९३९ साली बाहेर काढलेला, मालगाड्या ओढण्यासाठीचा डिझेल-इलेक्ट्रिक लोको. प्रत्येक युनिटमध्ये १६ सिलिंडरचं, १,३५० अश्वशक्तीचं एक इंजिन. ड्रायव्हरची केबिन असलेलं ‘ए’ युनिट आणि केबिन नसलेलं ‘बी’ युनिट अशी जोडी असे. दोन जोड्या पाठीला पाठ लावून जोडल्या की ५,४०० अश्वशक्तीचा लोको तयार. लांबी १९३ फूट, वजन सुमारे ४१० टन. कारखाना शिकागोला लागून असलेल्या ला ग्रेंजचा. १९४५ पर्यंत ५५५ ‘ए’ आणि ५४१ ‘बी’, म्हणजे एकूण १,०९६ युनिट बांधली गेली.

जगातला पहिला डिझेल लोको हाच का?

नाही. १९१२ मध्येच सुल्झर कंपनी आणि खुद्द रुडॉल्फ डिझेल यांच्या सहभागातून एक लोको तयार झाला होता, पण त्यात इंजिनाची ताकद थेट चाकांना दिली होती आणि तो प्रयोग फसला. १९२४ मध्ये रशियासाठी अभियंते लोमोनोसोव्ह यांनी जर्मनीत डिझेल-इलेक्ट्रिक लोको बांधून घेतला. अमेरिकेत १९२५ पासून यार्डात डबे इकडून तिकडे करायला ३०० अश्वशक्तीचे छोटे डिझेल शंटर आले. त्यामागं न्यूयॉर्क शहरासाठी केलेला धुराविरुद्धचा कायदा होता. १९३४ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेची ‘झेफिर’ ही चकचकीत पोलादी गाडी डेन्व्हरहून शिकागोला एका दिवसात, सुमारे १३ तासांत, न थांबता पोचली आणि डिझेलचं नाव घरोघरी झालं.

एफटीच्या आधी डिझेल होतं ते एकतर यार्डात, नाहीतर मोजक्या डब्यांच्या दिमाखदार प्रवासी गाड्यांना.

मग एफटीचा एवढा गाजावाजा कशासाठी?

कारण रेल्वेचा पैसा मालगाडीत असतो. प्रवासी गाडी वर्तमानपत्रात फोटो मिळवून देते. कंपनी चालते ती कोळसा, गहू, लाकूड आणि पोलादावर. ‘तीन डबे वेगानं पळवलेत हो, पण हजारो टन घेऊन डोंगर चढून दाखवा’ असं वाफेचे पुरस्कर्ते म्हणायचे आणि त्यात चूक काही नव्हती. १९३९ पर्यंत या आव्हानाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. एफटीनं ते दिलं.

माझ्या मते यात आणखी एक गोष्ट होती आणि तीच जास्त टिकाऊ ठरली. वाफेची इंजिनं म्हणजे शिंप्याकडे माप देऊन शिवलेले कपडे होते. प्रत्येक रेल्वेचा स्वतःचा यांत्रिक विभाग, स्वतःचे नकाशे, चाकांची स्वतःची मांडणी, आणि त्याचा अभिमानही. इलेक्ट्रो-मोटिव्हनं उलट धोरण ठेवलं: लोको आमच्या नकाशाप्रमाणे बनेल, रंग तुम्ही निवडा. गिअर कुठले हवेत, प्रवासी डबे गरम ठेवायला वाफ बनवणारा बॉयलर हवा का, असे मोजकेच पर्याय. एका रेल्वेतला पिस्टन दुसऱ्या रेल्वेतही बसणार. कंपनीचा संस्थापक हॅल हॅमिल्टन पूर्वी व्हाइट कंपनीच्या मोटारट्रकच्या विक्रीत होता, हे लक्षात घेतलं की या धोरणाचं आश्चर्य वाटत नाही. सोबत सुटे भाग, ड्रायव्हर-मेकॅनिकांचं प्रशिक्षण आणि हप्त्यांची सोय. यंत्र चांगलं होतंच, पण ते ज्या पद्धतीनं विकलं गेलं ती पद्धत रेल्वेच्या धंद्याला नवीन होती.

‘५६७’ हा आकडा सारखा कानावर येतो. तो कशाचा?

एफटीच्या इंजिनाचा. एका सिलिंडरचं आकारमान ५६७ घनइंच, म्हणजे जवळपास सव्वानऊ लिटर. असे सोळा सिलिंडर ‘व्ही’ आकारात.

त्याची पूर्वकथा मजेशीर आहे. १९३० मध्ये जनरल मोटर्सनं क्लीव्हलंडच्या दोन कंपन्या विकत घेतल्या. एक इंजिनं बनवणारी विंटन आणि दुसरी तिचीच गिऱ्हाईक असलेली इलेक्ट्रो-मोटिव्ह, जी तोवर पेट्रोलवरच्या रेलमोटारी विकत होती. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग याला हलकं, दोन-स्ट्रोकचं डिझेल इंजिन करायचं होतं. जुनी डिझेल इंजिनं कारखान्यात किंवा बोटीत ठीक होती. रुळांवर न्यायला फारच बोजड. विंटनच्या ‘२०१’ या नव्या इंजिनाचे दोन नमुने १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात शेवरोलेच्या दालनाला वीज पुरवायला ठेवले होते. दिवसा ते लोकांसाठी चालत, रात्री मेकॅनिक त्यांची दुरुस्ती करत बसत. केटरिंगचा मुलगा यूजीन त्या कामावर होता. डिपस्टिकनं (तेलाची पातळी बघायच्या कांडीनं) काही त्रास दिल्याचं आठवत नाही, असं तो पुढे गमतीनं सांगायचा. म्हणजे बाकी सगळ्यानं दिला होता.

तरीही बर्लिंग्टनचे अध्यक्ष राल्फ बड यांनी तेच इंजिन हट्टानं मागून घेतलं आणि झेफिर धावली. पण २०१ मुळात फक्त रेल्वेसाठी बनलेलं नव्हतं आणि रोजच्या खडखडाटात त्याच्या मर्यादा दिसू लागल्या. म्हणून रेल्वेच्या गरजा समोर ठेवून नव्यानं आखणी झाली आणि १९३८ मध्ये ५६७ आलं. मिनिटाला ८०० फेरे, सिलिंडरमध्ये ताजी हवा ढकलायला ब्लोअर, आणि दुरुस्तीच्या वेळी एकेक सिलिंडरचा जुडगा वरून उचलून काढता येईल अशी रचना. शेडमधल्या माणसाला विचाराल तर तो या शेवटच्या गोष्टीला सर्वांत जास्त गुण देईल.

याच इंजिनाचं १२ सिलिंडरचं भावंड दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर रणगाडे उतरवणाऱ्या एलएसटी जहाजांत होतं, प्रत्येक जहाजात दोन.

डिझेल इंजिन आहे, तर मग विजेच्या मोटारी कशाला?

कारण डिझेल इंजिन शून्य वेगाला जोर लावू शकत नाही. ते आधी फिरत असावं लागतं. हजारो टनांची गाडी जागची हलवताना नेमका उलटा प्रसंग असतो. म्हणून इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटरची वीज आसांवर बसवलेल्या ट्रॅक्शन मोटारींना जाते आणि मोटारी अगदी कासवाच्या गतीलाही पूर्ण जोर देतात. वाफेच्या इंजिनाचं उलट असतं. त्याची खरी ताकद वेग घेतल्यावर दिसते, चढावर दमछाक होते. म्हणूनच घाटात डिझेलनं वाफेला जास्त लवकर हरवलं, सपाटीवर तेवढं नाही.

कार्यक्षमतेतही मोठी तफावत होती. वाफेचं इंजिन कोळशातली सहा-सात टक्के ऊर्जा कामाला लावे. डिझेल-इलेक्ट्रिकमध्ये तोच आकडा पंचवीसच्या आसपास.

१०३ नंबरच्या लोकोची सफर काय होती?

१०३ हा एफटीचा पहिला संच. चार युनिट, गडद हिरवा रंग आणि त्यावर पिवळे पट्टे. नोव्हेंबर १९३९ मध्ये कंपनीनं तो नमुना म्हणून रेल्वे कंपन्यांकडे फिरवायला काढला. अकरा महिन्यांत २० रेल्वेंवर, ३५ राज्यांतून त्यानं ८३,७६४ मैल कापले.

यातली हुशारी अशी की कंपनीनं जागा निवडल्या नाहीत. गाडी तुमची, मार्ग तुमचा, माल तुमचा. तुमच्या वाफेच्या इंजिनाला जिथे सर्वांत जास्त त्रास होतो तिथेच आमचा लोको लावा. त्यामुळे १०३ ला उत्तरेच्या गोठवणाऱ्या हिवाळ्यातही जावं लागलं, नैऋत्येच्या वाळवंटातही आणि रॉकी पर्वतातल्या दहा हजार फुटांवरच्या खिंडीतही. रेल्वेचे अधिकारी मोजमापाची उपकरणं लावलेला डबा जोडून आकडे टिपत असत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर कुणी विश्वास ठेवला नसता, पण स्वतःच्या घाटात, स्वतःच्या माणसांनी लिहून घेतलेला आकडा खोडून कसा काढायचा?

बहुतेक ठिकाणी त्यानं तिथल्या मोठ्या वाफेच्या इंजिनापेक्षा जास्त वजन ओढलं. पण अधिकाऱ्यांना खरा धक्का बसला तो थांब्यांचा. वाफेच्या इंजिनाला दर शंभर मैलांच्या आसपास पाणी लागतं, राख झाडावी लागते, जाळी साफ करावी लागते आणि थोडं पुढे गेलं की इंजिनच बदलावं लागतं. हा लोको डिझेल भरून घेई आणि पुढे निघे.

सफर संपल्यावर १९४१ मध्ये सदर्न रेल्वेनं हाच वापरलेला संच विकत घेतला आणि ६१०० नंबर देऊन कामाला लावला.

चार युनिट का? एकच मोठा लोको का नाही?

त्या काळात एका इंजिनातून १,३५० अश्वशक्तीच मिळत होती, हे एक सरळ कारण. पण तोटा वाटणारी ही गोष्ट फायद्याची निघाली. सगळ्या युनिटांना विजेच्या तारांनी जोडून एकाच केबिनमधून एकच ड्रायव्हर चालवू शकत होता. हलकी गाडी असेल तर दोन युनिट लावा, जड असेल तर चार. वाफेची दोन इंजिनं जोडली की दोन ड्रायव्हर, दोन फायरमन, आणि त्यांच्यात शिट्ट्यांनी संवाद. इथे एकच हात आणि एकच हँडल.

रेल्वेवाल्यांना भीती वेगळीच होती: कामगार संघटना प्रत्येक युनिटवर स्वतंत्र माणसं मागतील. ‘बी’ युनिटला केबिनच न देणं, जोडीतली दोन युनिटं साध्या कपलिंगऐवजी पक्क्या दांड्यानं जोडणं आणि चारही युनिटांना मिळून एकच नंबर देणं, यामागं तांत्रिक कारणांइतकाच हा हिशेबही होता. हा चार तुकड्यांचा लोको नसून एकच लोको आहे, असं कागदावर दाखवायचं होतं. पुढे संघटनांशी तह झाल्यावर हा दांडा अडचणीचा वाटू लागला, कारण एक युनिट बिघडलं की जोडीच शेडमध्ये अडकायची. सांता फे रेल्वेनं तर साधी कपलिंगच मागून घेतली होती.

सर्वांत जास्त एफटी सांता फेनंच का घेतले?

पाण्यासाठी. अचिसन, टोपेका अँड सांता फे रेल्वेचा शिकागो ते लॉस एंजेलिस मार्ग अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून जातो. तिथे चांगलं पाणी नाही आणि जे आहे त्यातल्या क्षारांनी बॉयलरचे पाइप खाल्ले जातात. वाफेची इंजिनं चालवण्यासाठी या कंपनीला टँकरच्या टँकर पाणी रेल्वेनंच वाहून न्यावं लागे. इंजिनाला पाजायचं पाणी आणायला दुसरं इंजिन लावायचं आणि तेही वाटेत पाणी पिणार, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार.

मालगाड्यांसाठी एफटीची पहिली ऑर्डर सांता फेचीच. १०० नंबरचा संच १९४०-४१ च्या हिवाळ्यात आला आणि कॅन्सस सिटीहून लॉस एंजेलिसला अख्खी मालगाडी घेऊन, वाटेत लोको न बदलता पोचला. पुढे जपानशी युद्ध पेटल्यावर प्रशांत किनाऱ्याकडे जाणारा सगळा लष्करी माल या एका वाटेवर लोटला आणि विन्स्लो ते बारस्टो हा कोरडा टप्पा कंपनीनं प्राधान्यानं एफटीकडे सोपवला. शेवटी सांता फेकडे ३२० युनिट झाली. एकूण उत्पादनाच्या जवळपास तीस टक्के.

डायनॅमिक ब्रेकचं एवढं कौतुक का?

हेही सांता फेच्या मागणीतून आलेलं. चढ चढण्याची ताकद सगळे विचारतात. घाट उतरताना काय होतं, हे फक्त गार्ड आणि ब्रेकमन विचारतात.

जड गाडी लांब उतारावर साध्या ब्रेकांवर धरली की लोखंडी ब्रेक-ठोकळे चाकांवर घासत राहतात. चाकं तापून लाल होतात, कधी तडकतात. ब्रेकमनला डब्यांच्या छपरांवरून पळत जाऊन प्रत्येक डब्याचा ब्रेक धरून ठेवणारा रिटेनर व्हॉल्व्ह लावावा लागे, आणि चाकं गार व्हावीत म्हणून मध्येच गाडी उभी करावी लागे. कॅलिफोर्नियातली कॅहोन खिंड आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचा रॅटन घाट या दोन्ही ठिकाणी हे रोजचं होतं. रॅटनचा चढ तर साडेतीन टक्के.

डायनॅमिक ब्रेकमध्ये ट्रॅक्शन मोटारींनाच उतारावर जनरेटर बनवतात. चाकं मोटारींना फिरवतात, तयार झालेली वीज लोकोच्या छतावरच्या रोधकांच्या जाळ्यांत उष्णता होऊन उडून जाते आणि या सगळ्या खटाटोपात गाडीचा वेग आटोक्यात राहतो. चाकाला ठोकळ्याचा स्पर्शही नाही. विजेच्या लोकोत ही युक्ती आधीपासून होती, पण डिझेल मालगाडीला ती मिळाल्यावर उताराचा वेळ, ब्रेक-ठोकळ्यांचा खर्च आणि अपघातांची धास्ती या तिन्हींवर एकदमच परिणाम झाला. माझ्या यादीत ५६७ इंजिनाच्या खालोखाल हीच गोष्ट आहे.

एफटी जिंकला तो युद्धामुळे, असं म्हणतात. खरं?

अर्धं खरं. अमेरिकेच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डानं १९४२ मध्ये कुणी काय बनवायचं ते वाटून दिलं. मालगाड्यांचे मोठे डिझेल लोको इलेक्ट्रो-मोटिव्हकडे. अल्को आणि बाल्डविन या जुन्या दिग्गजांकडे वाफेची इंजिनं आणि यार्डातले डिझेल शंटर. अल्कोचे चाहते अजूनही यावरून कडकडा बोटं मोडतात. इतर कंपन्या अडकून पडल्या आणि जनरल मोटर्सला मोकळं रान मिळालं, असा त्यांचा दावा.

पण बोर्डानं हे वाटप रिकाम्या पाटीवर केलं नव्हतं. मालगाडीसाठी सिद्ध झालेला डिझेल लोको त्या क्षणी एकाच कंपनीकडे होता. शिवाय १९४२ मध्ये काही काळ एफटीचं कामही थांबलं, कारण ५६७ इंजिनं नौदलाला हवी होती. युद्ध संपताच १९४६ च्या सुरुवातीला अल्कोनं घाईनं एफए हा प्रतिस्पर्धी उतरवला, पण त्यातल्या २४४ या इंजिनानं, विशेषतः त्याच्या क्रँकशाफ्ट आणि टर्बोचार्जरनं, रेल्वेवाल्यांना रडवलं. ही घाई युद्धातल्या वाटपामुळेच झाली, असं म्हणता येईल. आणि डिझेलकडे वेळेवर लक्ष दिलं नाही म्हणून झाली, असंही. मी दुसऱ्या बाजूचा. बाल्डविनचे सॅम्युअल व्हॉक्लेन १९३० मध्ये वाफेचं राज्य १९८० पर्यंत टिकेल असं सांगत होते.

चालवायला कसा होता?

वाफेवरून आलेल्या ड्रायव्हरला स्वर्गच. समोर काच, बसायला खुर्ची, डोळ्यांत राख नाही, थ्रॉटलला आठ खाचा. पण ‘बटण दाबलं की चालला’ असंही नव्हतं. वेग वाढत गेला की मोटारींची विद्युतजोडणी बदलावी लागते. पुढच्या मॉडेलांत हे आपोआप होऊ लागलं; एफटीत मात्र ड्रायव्हरला मीटरकडे बघत ट्रान्झिशनचं वेगळं हँडल हातानं सरकवावं लागे. चढावर हळू जात राहिलं तर मोटारीतून मर्यादेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह वाहतो आणि ती जळते. वाफेचं इंजिन दमलं की थांबतं. डिझेल-इलेक्ट्रिक थांबण्याआधी स्वतःला जाळून घेऊ शकतं. हा धडा जुन्या हातांना जड गेला. म्हणून कंपनीचे प्रशिक्षक सुरुवातीचे अनेक दिवस केबिनमध्ये सोबत बसून जात.

इंजिन गार ठेवणारे पंखे थेट इंजिनाच्या शाफ्टवरून फिरत आणि झडपा हातानं कमी-जास्त उघडाव्या लागत. ते काम आणि चालत्या गाडीत इंजिनखोलीतून फेरी मारून तेल-पाणी बघणं फायरमनकडे आलं.

डिझेलला कोळसा घालायचा नसतो. मग फायरमन होताच कशाला?

१९३७ च्या करारानुसार डिझेल लोकोवरही फायरमन ठेवणं बंधनकारक होतं. एफटीच्या काळात त्याला थोडंफार काम होतं. यंत्रणा जसजशी स्वयंचलित झाली तसा प्रश्न पेटत गेला आणि १९६३ मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करून लवाद नेमावा लागला.

याची एक काळी बाजू आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. दक्षिणेकडच्या रेल्वेंत फायरमनचं काम वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय कामगारांकडे होतं, कारण ते घामाचं आणि घाणीचं होतं. डिझेलमुळे तीच जागा स्वच्छ आणि बसून करायची होणार हे दिसताच गोऱ्यांच्या फायरमन संघटनेनं, जी कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेत नव्हती, १९४१ मध्ये रेल्वेंशी करार करून त्यांच्या जागांवर मर्यादा घातली. लुईव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचे फायरमन बेस्टर स्टील कोर्टात गेले. वकील होते चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन. डिसेंबर १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ज्या संघटनेला सर्व कामगारांच्या वतीनं बोलण्याचा हक्क आहे तिला सर्वांचं प्रामाणिक प्रतिनिधित्व करावंच लागेल. अमेरिकेच्या कामगार कायद्यात हा खटला आजही शिकवला जातो. डिझेलचा इतिहास लिहिताना तो वगळला तर इतिहास अर्धाच राहतो.

आणि फक्त फायरमनच नव्हे. बॉयलरमेकर, राख काढणारे, पाण्याच्या टाक्यांवरचे, दर शंभर मैलांवरच्या शेडच्या जिवावर जगणारी गावं, या सगळ्यांची गरज वीस वर्षांत संपली.

वाफेची इंजिनं बनवणाऱ्यांचं पुढे काय झालं?

लिमा आणि बाल्डविन दोघांनी १९४९ मध्ये देशांतर्गत गिऱ्हाइकांसाठी शेवटची वाफेची इंजिनं बांधली. पुढच्या वर्षी दोघे एकत्र आले आणि १९५६ मध्ये लोको बनवणंच थांबलं. अल्को १९६९ पर्यंत टिकली. मोठ्या रेल्वेंपैकी कोळशाच्या खाणीतच बसलेली नॉर्फोक अँड वेस्टर्न तेवढी १९६० पर्यंत वाफेवर राहिली.

एक उलटं उदाहरण: बोस्टन अँड मेन रेल्वेनं धुराच्या त्रासामुळे हूसॅक बोगद्यात विजेच्या तारा टाकल्या होत्या. डिझेल आल्यावर १९४६ मध्ये तिनं त्या काढून टाकल्या. आज भारतात नेमकं याच्या उलट चाललं आहे.

एफटीत दोष काय होते?

पक्क्या दांड्याची अडचण वर आलीच. हातानं चालवायची ट्रान्झिशन आणि पंख्यांची यांत्रिक जोडणी ही डोकेदुखी होती. ट्रॅक्शन मोटारी नंतरच्या मानानं नाजूक. पुढची एफ२, एफ३, एफ७ ही मॉडेलं म्हणजे बऱ्याच अंशी या तक्रारींची एकेक करून केलेली दुरुस्तीच. मार्टिन ब्लोमबर्ग यांनी आखलेली दोन आसांची बोगी मात्र इतकी जमून आली की ती किरकोळ बदलांसह कित्येक दशकं नव्या लोकोंखाली बसत राहिली.

आज एफटी कुठे बघायला मिळतो?

१०३ च्या संचातलं मूळ ‘ए’ युनिट मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळच्या नॅशनल म्युझियम ऑफ ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहे. १९८९ मध्ये पन्नाशीनिमित्त कंपनीनं त्याला जुन्या हिरव्या-पिवळ्या रंगात पुन्हा सजवलं होतं. बाकी जवळजवळ सगळे भंगारात गेले. त्यातही बऱ्याच रेल्वेंनी जुने एफटी परत देऊन नव्या लोकोवर सूट मिळवली, आणि त्यांचे उपयोगी भाग नव्यात वापरले गेले.

भारतात एफटी आला होता का?

नाही. भारताचा डिझेलचा मोठा अध्याय अल्कोशी जोडलेला आहे. १९६२ च्या सुमारास अल्कोचा डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचा डब्ल्यूडीएम-४ हे दोन्ही भारतात आले. जनरल मोटर्सचे ७२ लोको आले, पण भारतातच बांधण्यासाठी तंत्रज्ञान द्यायला तयार झाली ती अल्को. म्हणून वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडू लागला. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधले ज्यांच्या ओळखीचे आहेत ते हेच. त्यातलं २५१ इंजिन अल्कोनं २४४ च्या फजितीनंतर बनवलेलं. म्हणजे जनरल मोटर्सशी स्पर्धेत हरलेल्या कंपनीचं सर्वांत चांगलं इंजिन आपल्याकडे आलं आणि मूळ कंपनी बंद पडल्यावरही दशकानुदशकं चाललं.

एफटीचं रक्त भारतात पुन्हा आलं ते १९९९ मध्ये, डब्ल्यूडीजी-४ च्या रूपानं. त्यातलं ४,००० अश्वशक्तीचं ७१० इंजिन हे ५६७ चाच वंशज: ५६७, मग ६४५, मग ७१०, आणि तिन्ही आकडे एका सिलिंडरच्या घनइंचांचे. दोन-स्ट्रोक, ‘व्ही’ मांडणी, सगळं तेच. हुबळी शेडचे हे लोको कॅसलरॉक ते कुळे या ब्रागांझा घाटात लावले गेले. दूधसागरवरून गोव्यात उतरणारी हीच ती वाट, चढ ३७ फुटांना एक फूट. तिथे जड मालगाड्या अनेक लोको जोडून, डायनॅमिक ब्रेकवर धरून उतरवतात.

जुन्या फोटोत एफटी आणि एफ३ किंवा एफ७ यांत फरक कसा ओळखायचा?

नाकावरून नाही, ती सारखीच दिसतात. बाजूच्या गोल खिडक्या मोजा. एफटीला चार, एकमेकींना चिकटून एका ओळीत. एफ३ ला साधारण दोन किंवा तीन, अंतर राखून. एफ७ ला दोन. छत दिसत असेल तर आणखी सोपं. एफटीचे पंखे छताच्या आत बुडालेले आणि दोन-दोनच्या जोडीत, एक जोडी पुढच्या टोकाकडे, दुसरी मागच्या. नंतरच्या मॉडेलांत चारही पंखे एकत्र, छताच्या वर उठून दिसतात. फक्त ‘बी’ युनिटचा फोटो असेल आणि त्याचं एक टोक बोगीच्या पुढे जरा जास्तच लांब आलेलं वाटलं, तर तो बहुधा एफटीच.